ई-कचरा अख्खा द्या, सोलून नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गृहनिर्माण सोसायट्या, महाविद्यालये आणि नगरसेवकांच्या कार्यालयांसमोर ई-कचरा संकलनाची शिबिरे आता नेहमीची झाली आहेत. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात फोटो येतो. बॅनर, टेबल, मागे जुन्या मॉनिटरांचा ढीग आणि खाली ‘अमुक टन ई-कचरा गोळा’ अशी ओळ. तो ढीग ज्या टेम्पोत भरला, तो पुढे कुठे रिकामा झाला, हे बातमीत क्वचितच असते. दुरुस्ती, सुटे भाग आणि त्यांचे वर्गीकरण या कामातली आम्ही माणसे. आमच्या मते गोळा करणे हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे. वस्तू शेवटच्या कारखान्यापर्यंत अख्खी पोहोचली की वाटेत सोलली गेली, यावर बाकीचे सारे अवलंबून असते.

प्रत्येक उपकरणात पैसे देणारे दोन-चार भाग असतात आणि बाकीचा माल अंगावर पडणारा असतो. फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर आणि तांब्याची नळी विकली जाते, वायू आणि भिंतींतल्या फोमला कुणी विचारत नाही. जुन्या टीव्हीत पिक्चर ट्यूबच्या मानेवरची तांब्याची कॉइल आणि बोर्ड विकले जातात, काच नाही. संगणकात मदरबोर्ड, रॅम आणि प्रोसेसर पहिल्याच हाताला निघतात. हा रस निघाल्यावर उरलेले चिपाड नोंदणीकृत रिसायकलरकडे नेणे कुणालाच परवडत नाही, कारण त्यातून खर्चही सुटत नाही. मग ते ओढ्यात, मोकळ्या प्लॉटवर किंवा पालिकेच्या घंटागाडीत जाते. शिसे, पारा, ओझोनचा थर विरळ करणारे वायू, आग विझवायला घातलेली ब्रोमीनची रसायने, म्हणजे विषारी म्हणून जे काही आहे ते बहुतेक या उरलेल्या भागातच असते.

‘ई-कचरा म्हणजे सोन्याची खाण’ हे वाक्य त्यासाठीच एकदा तपासून घ्यावे. टोकियो ऑलिंपिकची सुमारे 5,000 पदके जुन्या उपकरणांतल्या धातूंपासून घडवली. एप्रिल 2017 ते मार्च 2019 या काळात जपानमध्ये त्यासाठी 78,985 टन लहान उपकरणे आणि सुमारे 62 लाख मोबाइल जमा झाले. त्यातून जाहीर झालेले सोने 32 किलो. भागाकार केला तर टनाला अर्धा ग्रॅमसुद्धा पडत नाही. सोने असते ते फोनच्या आणि संगणकाच्या बोर्डावर, कनेक्टरच्या पातळ मुलाम्यात. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, टीव्ही यांत बहुतांश लोखंड, प्लास्टिक आणि थोडे तांबे. बोर्डांतून मिळणाऱ्या पैशावर फोम-काचेचा खर्च भागवणे हेच रिसायकलरचे अर्थकारण आहे. बोर्ड आधीच काढून घेतले की ते तिथेच मोडते.

आता एकेक वस्तू घेऊ.

जुना डब्बा टीव्ही किंवा मॉनिटर भंगारात गेला की पहिला घाव पिक्चर ट्यूबच्या मानेवर बसतो, कारण तांब्याची कॉइल तिथे असते. ट्यूबमध्ये निर्वात पोकळी असल्याने मान तुटताच हवा जोरात आत घुसते आणि काच उडू शकते. पडद्याच्या आतल्या बाजूला लावलेली चमकणारी भुकटी मोकळी होते. मागच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत वजनाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतके शिशाचे ऑक्साइड असते. पूर्वी ही काच वितळवून नव्या पिक्चर ट्यूब बनत. आता त्या ट्यूबच बनत नाहीत, त्यामुळे या काचेला गिऱ्हाईक राहिलेले नाही. हा टीव्ही उचलताना जड बाजू, म्हणजे पडदा, छातीकडे धरावा. एकावर एक दोनपेक्षा जास्त रचू नयेत. मागचे झाकण उघडूच नये, कारण ट्यूबमध्ये उच्च दाबाची वीज बंद केल्यानंतरही राहू शकते. मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरचेही तेच. यूट्यूब पाहून ट्रान्सफॉर्मर काढणाऱ्या हौशी मंडळींना हे जरा ठासून सांगायला हवे.

फ्रीजमध्ये धोका दिसत नाही, म्हणून तो जास्त. नव्वदच्या दशकातल्या फ्रीजमध्ये आर-12 हा वायू असे. त्याचा एक किलो हवेत गेला तर दहा टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता तो अडवतो, वर ओझोनलाही खातो. त्या काळातल्या फ्रीजच्या फोममध्येही तसलाच वायू कोंडलेला असतो, अनेकदा नळ्यांतल्यापेक्षा जास्त. आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. त्याचे प्रमाण जेमतेम 40 ते 60 ग्रॅम, पण तो स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला, पेट घेणारा. कॉम्प्रेसरवरच्या लेबलवर वायूचे नाव लिहिलेले असते, ते आधी वाचावे. भंगारवाला दारातच करवतीने किंवा ग्राइंडरने नळी कापू लागला तर त्याला थांबवा. ‘कॉम्प्रेसर काढून नेतो, खोका राहू द्या’ असे म्हणत असेल तर त्याला देऊच नका.

एसीबाबत तर दुरुस्तीच्या धंद्यातल्या आमच्याच लोकांना बोलावे लागेल. दीड टनाच्या स्प्लिट एसीत साधारण पाऊण ते एक किलो वायू असतो. जुन्या यंत्रांत आर-22, नंतरच्यांत आर-410ए, आता बहुतेकांत आर-32. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत पहिल्याचा तापमानवाढीचा जोर सुमारे 1,800 पट, दुसऱ्याचा 2,000 पटींहून थोडा जास्त आणि तिसऱ्याचा 675 पट. एसी भंगारात काढताना कित्येक मेकॅनिक नट सैल करून सारा वायू हवेत सोडतात, कारण ते दोन मिनिटांचे काम आहे. तो बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करून बंद करणे हेही फार लांबचे काम नाही. एसी दुसऱ्या घरात हलवताना हेच लोक ते करतात. मग भंगारात काढतानाच का नाही?

पद्धत अशी. यंत्र कूलिंगवर पाच-दहा मिनिटे चालवायचे. इन्व्हर्टर एसी असेल तर सक्तीच्या कूलिंगच्या मोडवर, नाहीतर कॉम्प्रेसर मध्येच वेग कमी करतो. जाड नळीच्या सर्व्हिस पोर्टला दाब मोजणारे गेज लावायचे. पातळ, पाव इंची नळीचा व्हॉल्व्ह ॲलन कीने पूर्ण बंद करायचा. गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच यंत्राचा मेन स्विच बंद करायचा. काटा शून्याखाली गेल्यावरही यंत्र चालू ठेवले किंवा नळीचा जोड आधीच सैल असला, तर कॉम्प्रेसर हवा आत ओढतो. हवा, तेल आणि दाब एकत्र आले की बाहेरचे युनिट फुटू शकते. म्हणून हे घरमालकाने स्वतः करण्याचे काम नव्हे. त्याने फक्त समोर उभे राहून ‘गॅस आत घेतलास का?’ एवढे विचारावे. कॉम्प्रेसर बंद पडलेला असेल तर हा मार्ग चालत नाही. तिथे वायू ओढून घेणारे रिकव्हरी मशीन आणि तो भरायला सिलिंडरच लागतो. वायू भरलेले युनिट पुढे कुणी कापले तर सगळे मुसळ केरात, म्हणून ते रिकव्हरी मशीन असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवे.

वायरी जाळल्याचा काळा धूर सगळ्यांनी पाहिला आहे. जाड वायर कुणी जाळत नाही. ती सोलली की चकचकीत तांबे मिळते आणि जळक्या तांब्यापेक्षा त्याला भाव जास्त असतो. जळतात त्या बारीक वायरी. चार्जर, इअरफोन, दिवाळीच्या माळा, संगणकाच्या रिबन केबल. हाताने त्या सोलता येत नाहीत. पीव्हीसीत क्लोरीन असते आणि जळताना तांबे त्यातून डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन तयार व्हायला हातभार लावते. त्या वायरी यंत्रात बारीक कातरून तांबे आणि प्लास्टिक वेगळे करता येते. घरी करण्यासारखे इतकेच की उपकरणाची वायर कापून वेगळी ठेवू नये. वेगळी ठेवलेली वायर हमखास भट्टीच्या दिशेने जाते.

बोर्डांचे दुसरे टोक पाहायचे तर मुरादाबादला रामगंगेच्या काठी जावे. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये वेगळे झालेले बोर्ड तिथे जाळले आणि आम्लात बुडवले जातात, हे वर्षानुवर्षे उघड आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाचे तीन भाग आणि नायट्रिकचा एक, अशा मिश्रणात सोने विरघळते. बाकी सारे आम्ल, शिसे आणि राख नदीत. शिवाय या पद्धतीत सगळे सोने हाती लागत नाही आणि पॅलेडियमसारखे धातू बहुतेक वायाच जातात. बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ होबोकेन इथल्या युमिकोरच्या भट्टीत अशाच मालातून 17 धातू परत मिळवतात. त्यासाठी हजार अंशांवरचे तापमान आणि तो धूर गाळणारी मोठी यंत्रणा लागते. परसात प्लास्टिकच्या पिंपात हे होत नाही.

‘अख्खी वस्तू द्या’ या नियमाला एक मोठा अपवाद आहे. हाताने निघणारी बॅटरी काढून वेगळी द्यावी. न निघणारी उचकटू नये. आजच्या फोनमधली बॅटरी चिकटवलेली असते. स्क्रू ड्रायव्हरने ती उपटताना टोचली की आतल्या आतच शॉर्ट होऊन ती पेटते. असा फोन तसाच द्यायचा. फुगलेली लिथियम बॅटरी म्हणजे आत वायू साठलेला आहे. तिला चार्ज करू नका, दाबू नका, टाचणीने ‘हवा काढू’ नका. पत्र्याच्या डब्यात दोन-तीन इंच कोरडी वाळू, वर बॅटरी, वर पुन्हा वाळू. झाकण नुसते ठेवायचे, घट्ट लावायचे नाही, नाहीतर वायूला वाट राहत नाही. डबा उघड्या गॅलरीत सावलीत असावा. जिन्याखाली, मीटर रूममध्ये किंवा पार्किंगमधल्या स्कूटरशेजारी तर अजिबात नको. सुट्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी. पूर्ण चार्ज झालेला सेल 4.2 व्होल्टचा असतो आणि असे वीस-पंचवीस सेल एका डब्यात नाण्यांसारखे खुळखुळत असतील तर कुठलीही दोन टोके एकमेकांना टेकायला वेळ लागत नाही. पॉवर बँक, वायरलेस इअरफोन, मुलांची रिमोटची गाडी, दाढीचे यंत्र या सगळ्यांत लिथियम आहे, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. या वस्तू ओल्या-सुक्या कचऱ्यातून कचरा दाबणाऱ्या गाडीत जातात, तिथे चिरडतात आणि गाडी किंवा डेपो धुमसू लागतो.

इन्व्हर्टरची बॅटरी हा वेगळा प्रकार. बॅटऱ्यांसाठी 2022 पासून स्वतंत्र नियम आहेत आणि नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो. ती उभीच द्यावी. ‘पाणी’ ओतून हलकी करून देणे बंद व्हायला हवे. ते पाणी नसून सल्फ्युरिक आम्ल असते आणि त्यासोबत शिसेही गटारात जाते.

सीएफएल आणि ट्यूबलाइटमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. मूळ पुठ्ठ्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून उभ्या ठेवाव्यात. फुटली तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे, मग जाड कागदाने तुकडे गोळा करून बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत. झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर वापरला तर पारा घरभर पसरतो.

माणसे जुने फोन कपाटात का दाबून ठेवतात? भावनेने कमी, माहितीच्या भीतीने जास्त. अँड्रॉइडच्या अलीकडच्या सर्व फोनांत साठवलेली माहिती कूटबद्ध असते. फॅक्टरी रिसेट केले की तिची किल्ली नष्ट होते आणि माहिती वाचता येत नाही. पण रिसेटच्या आधी सेटिंग्जमध्ये जाऊन गुगल खाते काढलेच पाहिजे. ते राहिले तर रिसेटनंतर फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसू शकतो. चालू फोन दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याऐवजी सरळ तुकडे करायच्या रांगेत जातो. आयफोनमध्ये ‘फाइंड माय’ बंद करून खात्यातून बाहेर पडणे हेच काम करते. सिम आणि मेमरी कार्ड काढा. बँकेचे आणि यूपीआयचे ॲप नव्या फोनवर सुरू झाल्याची खात्री करूनच जुना पुसा. स्क्रीन मेलेला फोन हातोड्याने ठेचण्याचा मोह होतो, पण आत बॅटरी आहे. तो तसाच देऊन रिसायकलरकडून माहिती नष्ट केल्याचे प्रमाणपत्र मागावे.

संगणकाची हार्ड डिस्क नुसती क्विक फॉरमॅट केली तर फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर जागेवरच राहतो. पूर्ण डिस्कवर एकदा शून्ये लिहिली की पुरते. सेकंदाला 100 मेगाबाइटच्या वेगाने एक टेराबाइटला पावणेतीन तास लागतात. रात्री लावून ठेवावे. एसएसडीला, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला, ही युक्ती पुरत नाही, कारण ती कुठले पान कुठे ठेवायचे हे स्वतःच ठरवते. तिला बनवणाऱ्या कंपनीची सिक्युअर इरेजची आज्ञाच द्यावी लागते. बंद पडलेली डिस्क काढून वेगळी द्यायला हरकत नाही, पण ड्रिल मारू नये. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बहुधा काचेची असते आणि ती डोळ्यांत उडते.

आता कागदाकडे. सध्याचे ई-कचरा नियम 2 नोव्हेंबर 2022 रोजी अधिसूचित होऊन 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. आधी 21 प्रकारची उपकरणे त्यात होती, आता 106 आहेत, सोलर पॅनेलसुद्धा. उत्पादकाने विकलेल्या मालाच्या ठरावीक टक्के माल रिसायकल झाल्याची प्रमाणपत्रे रिसायकलरकडून विकत घ्यायची. 2023-24 आणि 2024-25 साठी हे प्रमाण 60 टक्के, पुढची दोन वर्षे 70 आणि 2027-28 पासून 80. ऐकायला चोख. पण प्रमाणपत्र मोजले जाते ते परत मिळवलेल्या सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियमवर. शिशाच्या काचेला, फोमला, फ्रीजच्या वायूला प्रमाणपत्राचे मोल नाही. म्हणजे भंगारवाला जे टाकून देतो, नेमके तेच नीट हाताळण्यासाठी कायदाही वेगळे पैसे देत नाही. आमच्या मते या नियमांतली ही सर्वांत मोठी फट आहे. प्रमाणपत्राचा किमान दर ठरवण्याचा प्रयत्न झाला, ग्राहकोपयोगी उपकरणांसाठी किलोला 22 रुपये, तेव्हा काही मोठ्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. स्वस्तात प्रमाणपत्र मिळत असताना फोम जाळू नका असे कोण कुणाला सांगणार?

नव्या नियमांत नोंदणीचे वर्ग चारच आहेत: मॅन्युफॅक्चरर, प्रोड्युसर, रिफर्बिशर (जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) आणि रिसायकलर. ‘अधिकृत डिसमँटलर’ (वस्तू सुटी करणारा) किंवा ‘अधिकृत संकलन केंद्र’ असे कार्ड दाखवणाऱ्याला म्हणूनच विचारावे, माल पुढे कोणत्या रिसायकलरला जातो? त्याचे नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर आहे का? फ्रीज-एसी घेण्याची त्याची क्षमता आहे, की फक्त संगणक? वर्षात कधीही 1,000 किंवा जास्त उपकरणे वापरणारी संस्था ‘बल्क कन्झ्युमर’ ठरते. तिला नोंदणीकृत माणसालाच माल द्यावा लागतो. मोठी रुग्णालये, महाविद्यालये आणि आयटी कंपन्या यात येतात. त्यांनी जुने संगणक लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्याला विकणे ही पळवाट नसून उल्लंघन आहे. सर्वाधिक बोली लावणाऱ्याच्या मनात बोर्डच असतात, हे वेगळे सांगायला नको.

भंगारवाल्यांना हाकलून हे सुटेल असे आम्हाला वाटत नाही. दारोदार पोहोचण्याची त्यांच्याइतकी ताकद कुठल्याच कंपनीत नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचराही गोळा करते. उचलण्याचे काम अशा लोकांचे आणि उघडण्याचे कारखान्याचे, ही विभागणी चालू शकते. त्यासाठी अख्ख्या वस्तूचा भाव सोललेल्या मालाच्या बेरजेपेक्षा थोडा तरी जास्त मिळाला पाहिजे. सोसायटीने फळ्यावर दोन भाव लिहावेत: कॉम्प्रेसरसह फ्रीज इतका, कॉम्प्रेसरशिवाय शून्य. फरकाची रक्कम उत्पादकाच्या प्रमाणपत्राच्या पैशातून यायला हवी, रहिवाशांच्या मेन्टेनन्समधून नव्हे.

शिबिर भरवणाऱ्यांनी माल उघड्यावर, पावसात ठेवू नये. भिजलेल्या बोर्डांतून धातू पाण्यात उतरतात. टेम्पो सुटण्याआधी प्रकारवार वजन लिहून, फ्रीज-टीव्ही नगांवर मोजून, पावतीवर घेणाऱ्याची सही घ्यावी. महिन्याभरात रिसायकलरकडून माल मिळाल्याचा कागद आला नाही तर पुढच्या वेळी त्याला बोलावू नये.

आणि एक विनंती आपल्या वार्ताहरांना. अशा शिबिराची बातमी देताना टनांच्या आकड्यासोबत तीन गोष्टी विचारून छापाव्यात: माल घेणाऱ्या रिसायकलरचे नाव, फ्रीज-एसींची संख्या आणि त्यातला वायू कुणी काढला, आणि कारखान्यावरच्या वजनकाट्याची पावती. ‘पावती नाही’ असे उत्तर आले तर तेही छापावे.

आपले,
इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुरुस्ती व सुट्या भागांचे वर्गीकरण करणारे काही वाचक, पुणे